माळावर चरणाऱ्या वासरांना खुराक: आधी पेंड की आधी मका भरडा?

माळावरचा_मी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. वासरं आठ ते बारा महिन्यांची आहेत, काही कालवडी काही गोऱ्हे, वजनं १५० ते २०० किलोच्या मध्ये कुठेतरी. दिवसभर माळावर सोडलेली असतात, पेरलेला चारा वगैरे नाही, जे नैसर्गिक गवत उगवतं तेच. गवत कमी नाहीये हो, गुडघ्याएवढं उभं आहे पण पार वाळून पिवळं पडलंय. संध्याकाळी पोटं टम्म दिसतात तरी कणा वर यायला लागलाय आणि केस राठ झालेत. एकजण म्हणतो एनर्जी कमी पडतेय मका भरडा चालू कर, दुसरा म्हणतो पेंड दे, तिसरा म्हणतो काहीही देऊ नको हिरवं आलं की आपोआप भरतात. तिघंही अनुभवी आहेत त्यामुळे माझंच डोकं फिरलंय. नक्की काय द्यावं, किती द्यावं?

कोपऱ्यातला_बैल
भरडा दे बिनधास्त. रोज दीड-दोन किलो मका भरडा, महिन्यात फरक दिसतो. पेंड परवडत नाही.

डॉ_रवंथ
@कोपऱ्यातला_बैल थांबा राव जरा, वाळलेल्या गवतावर दीड-दोन किलो मका म्हणजे उलटाच कारभार होऊ शकतो. का ते सांगतो, थोडं लांबेल.

गाय गवत पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले (पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू पचवतात. त्या जंतूंना वाढायला नायट्रोजन लागतो. गवतात क्रूड प्रोटीन (नायट्रोजनवरून काढलेलं एकूण प्रोटीन) साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं (शुष्क पदार्थाच्या हिशोबात, पाणी वगळून) की जंतू उपाशी राहतात, गवत फुटायला वेळ लागतो, कोठीपोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि ते रिकामं झाल्याशिवाय जनावर पुढचं खात नाही. कोवळ्या हिरव्या गवतात १०-१२ टक्के किंवा जास्तही प्रोटीन असतं, तेच गवत बी धरून वाळलं की ३ ते ५ वर येतं. म्हणजे तुमची वासरं पोट टम्म घेऊन फिरतायत ते भरपूर खाल्ल्यामुळे नाही, आतला माल पुढे सरकत नाही म्हणून.

आता या अवस्थेत मका दिला तर काय होतं? मक्यात प्रोटीन ८-९ टक्के, बाकी बहुतेक स्टार्च. स्टार्चवर वाढणारे जंतू वेगळे आणि ते वेगाने वाढतात, जो थोडाफार नायट्रोजन आहे तो ते आधी पळवतात, शिवाय कोठीपोटातला आम्लपणा वाढतो तो तंतू फोडणाऱ्या जंतूंना सोसत नाही. परिणाम असा की गवताचं पचन आणखी मंदावतं आणि जनावर गवत कमी खातं. दिलेल्या मक्याची एनर्जी मिळते खरी पण गवतातून मिळणारी तेवढीच घटली तर पदरात काय पडलं? वजनाच्या साधारण ०.४ ते ०.५ टक्क्याच्या पुढे धान्य गेलं की हा परिणाम ठळक दिसायला लागतो. १८० किलोच्या वासराला म्हणजे पाऊण किलोच्या आसपास.

त्याउलट थोडी चांगली पेंड दिली की जंतू जागे होतात, तेच पिवळं गवत जास्त पचतं आणि जास्त खाल्लं जातं. एनर्जी तुमच्या माळावर उभीच आहे, ती उघडायची किल्ली प्रोटीन आहे. म्हणून गवत भरपूर पण वाळलेलं असेल तर आधी प्रोटीन.

माळावरचा_मी
डॉक्टर हे पहिल्यांदा कुणीतरी "का" सांगितलं, आभार. पण ७ टक्के हा आकडा कुठून आला आणि आमच्या गवतात किती आहे हे कळणार कसं? लॅबला पाठवू का?

डॉ_रवंथ
आकडा वेगवेगळ्या चारा चाचण्यांमधून आलाय, ७ च्या खाली खाणं घसरतं असं पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याच्या मुळाशी कोठीपोटातल्या अमोनियाची गोष्ट आहे. १९७४ साली साटर आणि स्लायटर या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं की १०० मिलीमागे ५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर जंतूंची वाढ पुरेपूर होते, त्याच्या वर नेऊन जंतू वाढत नाहीत. निबर गवताचं खाणं वाढवायला मात्र प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतं असं नंतरच्या कामात दिसलं. दुसरा एक ठोकताळा आहे तो मला जास्त आवडतो. लॅब रिपोर्टात टीडीएन (एकूण पचणारे घटक) येतो, त्याला प्रोटीनच्या टक्क्याने भागायचं. उत्तर ७ च्या वर आलं तर एनर्जीच्या मानाने प्रोटीन कमी आहे, पेंडीचा फायदा होणार. ७ च्या खाली असेल तर प्रोटीन गवतात आहे, पेंडीवर पैसा घालवण्यात अर्थ कमी.

गवतबघ्या
लॅबबद्दल एक सांगतो. विळ्याने मूठभर गवत कापून पाठवलं तर रिपोर्ट जरा जास्तच वाईट येतो, कारण गुरं विळ्यासारखी सरसकट कापत नाहीत, पानं निवडतात, काडी सोडतात, मधेच एखादी शेंगवर्गीय वेल किंवा झुडपाचा कोवळा शेंडा ओढतात. म्हणून ती चरत असताना मागे मागे फिरा, ती जे तोडतायत तसंच हाताने खुडा आणि ते पाठवा. कंटाळवाणं काम आहे पण तोच खरा नमुना.

आणि लॅब नसेल तर शेण बघा, फुकट आहे. शेणाचा पो पसरट आणि मऊ पडतोय म्हणजे प्रोटीन बरं आहे. उंच ढीग, घट्ट, कडक कडांचे थर एकावर एक रचलेले आणि आत न पचलेल्या काड्या दिसतायत तर प्रोटीन कमी आहे हे नक्की समजा. एकाच जनावराचं बघून ठरवू नका, कळपातले बरेच पो बघा आणि ताजे बघा. मला तर वाटतं जो माणूस शेण बघत नाही त्याने खुराकाच्या गप्पाच मारू नयेत 😀

हिशोबी_गोठा
मी आकडे मांडतो, चुकलं तर डॉक्टरांनी कान धरावा.

१८० किलोची कालवड, निबर गवत, खाणं घसरलेलं म्हणून वजनाच्या १.८ टक्के धरू, म्हणजे ३.२ किलो शुष्क पदार्थ. गवतात ४ टक्के प्रोटीन, तर मिळालं सुमारे १३० ग्रॅम. एवढ्या वजनाच्या वासराला रोज ४००-५०० ग्रॅम वाढायचं असेल तर ४०० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. म्हणजे एक तृतीयांशच मिळतंय.

आता अर्धा किलो मका दिला तर त्यातून ४५ ग्रॅम. अर्धा किलो साल न काढलेली सरकी पेंड (२२ टक्के धरली) तर ११० ग्रॅम. अर्धा किलो साल काढलेली पेंड किंवा भुईमूग पेंड (४० टक्के) तर २०० ग्रॅम. आणि पेंडीमुळे गवताचं खाणं समजा ४.२ किलोवर गेलं तर गवतातूनच १७० येतात, एकूण ३७०. मक्याने तो दुसरा भाग वाढत नाही, उलट घटतो, इथेच सगळा फरक पडतो.

परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी, पोत्याचा भाव बघूच नका. किलोच्या भावाला प्रोटीनच्या टक्क्याने भागा आणि एक टक्का प्रोटीन कितीला पडतं ते काढा. बऱ्याचदा स्वस्त दिसणारा कोंडा (१५-१६ टक्के) महाग निघतो आणि महाग दिसणारी सोयाबीन पेंड (४४ ते ४८ टक्के) स्वस्त.

डॉ_रवंथ
कान धरण्यासारखं काही नाही. एकच पुरवणी, तयार पशुखाद्याच्या पोत्यावर क्रूड प्रोटीनचा जो आकडा असतो तो नायट्रोजन गुणिले ६.२५ असा काढलेला असतो. त्यात युरिया मिसळलेला असला तरी आकडा फुगतो, कारण १ टक्का युरिया टाकला की कागदावर जवळजवळ २.९ टक्के प्रोटीन वाढतं. मोठ्या गाईला ते थोडंफार चालून जातं, पण तुमच्या वयाच्या वासरांना खरं प्रोटीन पाहिजे. जंतूंकडून मिळणारं प्रोटीन वाढत्या अंगाला पुरत नाही, काही भाग कोठीपोटातून न फुटता पुढे आतड्यात जायला लागतो, बायपास म्हणतात तो. चांगल्या पेंडीत दोन्ही असतं. म्हणून पोत्यावर युरियाचं प्रमाण लिहिलंय का ते वाचा.

आधी_चारा
मी तिसऱ्या माणसाच्या बाजूने, "काही देऊ नका" वाल्याच्या. वाळल्या दिवसांत दाबून वाढलेलं जनावर हिरव्यात सुसाट भरून काढतं, कॉम्पेन्सेटरी ग्रोथ म्हणतात ना तेच. खुराक दिलेली आणि न दिलेली हिरवं संपेपर्यंत जवळ जवळ येतात. मग पेंडीचा खर्च कशाला?

गोठेकरीण
@आधी_चारा अर्धं खरं आहे दादा. भरून काढतात, पण सगळंच्या सगळं नाही, आणि कोण भरून काढतं ते पण बघा. चार-सहा महिन्याच्या आत मार खाल्लेलं वासरू पुढे तेवढं उभारी धरत नाही, वर्षाच्या पुढचं बऱ्यापैकी धरतं. आणि वजन नुसतं थांबलंय की घटतंय यात पण फरक आहे, हाडं बाहेर येईपर्यंत घटलेलं जनावर आजाराला, गोचिडाला, जंताला बळी पडतं. हिरवं दिसेपर्यंत टिकायला तर पाहिजे.

आणि कालवडीचं गणित वेगळं आहे. ती मोठेपणी जेवढी होणार त्याच्या साधारण ६० ते ६५ टक्के वजनाला गेल्याशिवाय नीट माजावर येत नाही. मोठी गाय ३५० किलोची होणार असेल तर सव्वादोनशे किलोच्या आसपास. दर वाळल्या हंगामात ती थांबली तर पहिलं वेत एक वर्ष पुढे गेलं, ते वर्ष हिरव्या गवताने परत मिळत नाही. म्हणून मी म्हणेन कालवडी आणि गोऱ्हे वेगळे करा, पेंड आधी कालवडींना. गोऱ्हे हिरव्यानंतरच विकायचे असतील तर त्यांना फक्त वजन घटू नये इतपत द्या, दादांचं म्हणणं तिथे लागू पडतं.

आधी_चारा
ताई हे मान्य. मी विकायच्या गोऱ्ह्यांच्याच डोक्याने बोलत होतो. लगेच वाळल्यातच विकायचे असतील तर मात्र दिलेलं वजन हातात येतं तेही खरं.

नवा_गुराखी
मधेच विचारतो माफ करा. युरिया एवढा स्वस्त आहे तर थेट तोच थोडा थोडा दिला तर? जंतूंना नायट्रोजनच पाहिजे ना?

डॉ_रवंथ
प्रश्न बरोबर आहे पण थेट देऊ नका, अजिबात नको. युरिया कोठीपोटात मिनिटांत फुटतो आणि अमोनिया होतो. जंतूंनी तो पकडायला त्याच वेळी सहज मिळणारी एनर्जी पाहिजे, वाळलेलं गवत ती सावकाश देतं, मग उरलेला अमोनिया रक्तात. तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, तोल जाणं आणि तासाभरात खेळ खलास होऊ शकतो. सगळ्यात धोका उपाशी जनावराला, एकदम भरपूर खाल्लं तर, किंवा गव्हाणीत पावसाचं पाणी साचून त्यात युरिया विरघळला आणि ते प्यायलं तर. तसं झालं तर डॉक्टर येईपर्यंत भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, पण तोल गेलेल्या जनावराला जबरदस्तीने पाजू नका, फुफ्फुसात जातं.

सहा महिन्यांच्या आतल्या वासराला युरिया नकोच, ज्यांना द्यायचा त्यांनाही आंबोणाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि एकूण खाण्याच्या १ टक्क्याच्या आत, नीट मिसळून, आठवड्या-दोन आठवड्यात हळूहळू वाढवत. कच्च्या सोयाबीनबरोबर तर कधीच नाही, त्यात युरिया फोडणारं एन्झाइम असतं. गंधकही लागतं, साधारण १० ते १५ भाग नायट्रोजनला १ भाग, नाहीतर जंतूंना तो नायट्रोजन पूर्ण वापरता येत नाही. मळी-युरियाच्या चाटण विटा त्यामानाने सुरक्षित कारण चाटूनच खाता येतं, पण भिजून मऊ झाली किंवा फोडून तुकडे टाकले की तो फायदा गेला. तुमच्या वासरांना मी पेंडच सांगेन.

शेपटी_उडवत
पेंड रोजच द्यावी लागते का? माळ लांब आहे, रोज गव्हाणीपर्यंत जाणं जमत नाही.

गवतबघ्या
पेंड असेल तर रोजची गरज नाही. आठवड्याचं गणित तेच ठेवून एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा दिली तरी वाढीत फारसा फरक पडत नाही, कारण जनावर जास्तीचा नायट्रोजन रक्तातून लाळेत आणि पुन्हा कोठीपोटात फिरवत राहतं. उलट एक फायदा आहे, एका वेळी ढीग मोठा पडतो त्यामुळे दांडगी सगळं खाऊन संपवू शकत नाहीत, भित्र्यांच्या वाट्याला पण येतं. धान्य आणि युरियाला हे अजिबात लागू नाही हां, तिथे तीन दिवसाचं एकदम म्हणजे दुखणं.

आणि गव्हाणीची लांबी बघा. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे, एवढ्या वासराला दीड ते दोन फूट. मोठ्या गाई त्यात घुसत असतील तर वासरांपुरतं शिरता येईल असं अरुंद फाटक करा. आपण सरासरी अर्धा किलो म्हणतो आणि प्रत्यक्षात एक किलोभर खातं नि दुसरं नुसतं उभं राहतं, मग धाग्यावर येऊन पेंडीचा उपयोग होत नाही म्हणतात. लोक पोषणावर तासभर वाद घालतील पण गव्हाण मोजणार नाहीत.

गोठेकरीण
मीठ मिसळून खाणं आवरायची युक्ती पण आहे, मिठामुळे एका वेळी थोडंच खाल्लं जातं त्यामुळे गव्हाणीत भरून ठेवता येतं. पण मग पाणी मुबलक आणि जवळ पाहिजे, नाहीतर मिठाची विषबाधा होते. शिवाय पाणी खारं असेल तर ही युक्ती सोडून द्यायची.

कोपऱ्यातला_बैल
बरं डॉक्टर, म्हणजे मका कधीच नाही? आमच्याकडे मका खाऊन वाढलेली जनावरं आहेत, ती काय हवेवर वाढली?

डॉ_रवंथ
नाही हो, मक्याची वेळ असते. गवतच कमी असेल, माळ खरडून निघालाय, तर पेंडीने भूक वाढवून काय खाणार? उलट उरलंसुरलं लवकर संपतं आणि माळाची मुळं उघडी पडतात. तिथे एनर्जीच द्यावी लागते नाहीतर गुरं कमी करावी लागतात, आणि दुसरा पर्याय लोक फार उशिरा निवडतात. दुसरी वेळ म्हणजे अगदी कोवळं हिरवं, त्यात प्रोटीन गरजेपेक्षा जास्त असतं, तिथे थोडा मका त्या जास्तीच्या नायट्रोजनला कामाला लावतो. तुमची जनावरं वाढली त्यांचं गवत हिरवं होतं का, की सोबत चांगला कडबा-पेंड पण होती, ते आठवून बघा.

मात्र भरपूर गवतावर जास्तीची एनर्जी महागात पडते. वाळल्या गवतावर थोडी पेंड दिली तर साधारण दोन-तीन किलो पेंडीमागे एक किलो जादा वजन मिळू शकतं, चांगल्या गवतावर धान्य दिलं तर त्याच एक किलोला आठ-दहा किलो लागतं, कारण धान्य खाल्लं तेवढं गवत सोडलं जातं.

आणि एनर्जी द्यायचीच तर सगळी स्टार्चमधूनच नको. गव्हाचा कोंडा, सोयाबीनची टरफलं, बीटचा चोथा यातला तंतू चांगला पचतो आणि गवताच्या पचनाला तेवढा धक्का देत नाही. अख्खी सरकी एनर्जी आणि प्रोटीन दोन्ही देते, पण तिच्यात तेल १८-२० टक्के असतं, एकूण खाण्यात तेल ५-६ टक्क्यांच्या पुढे गेलं की तंतू फोडणारे जंतू पुन्हा गारठतात. शिवाय सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ज्यांचं रवंथ नीट बसलेलं नाही अशा लहान वासरांना सरकी किंवा तिची पेंड नको. भुईमूग पेंड घेतली तर बुरशी नीट बघा, वास घ्या, अफ्लाटॉक्सिनला (बुरशीच्या विषाला) वासरं मोठ्या जनावरांपेक्षा हळवी असतात.

कोपऱ्यातला_बैल
हिरव्या हंगामातच देत होतो खरं म्हणजे. ठीक आहे, मुद्दा कळला. पण कोंडा मी देणारच 😀

हिशोबी_गोठा
क्षाराचं कुणी बोललंच नाही. फॉस्फरस कमी जमिनीवरची गुरं हाडं चघळतात, माती खातात. तो वाळल्या दिवसात द्यायचा ना?

डॉ_रवंथ
इथेच गंमत आहे. प्रोटीन-एनर्जी कमी असताना वाढ त्यांनीच अडवलेली असते, तेव्हा फॉस्फरस एकटा देऊन विशेष काही होत नाही. हिरव्यात वाढ सुरू झाली की हाडाला फॉस्फरस लागतो आणि तेव्हा तो कमी पडतो, म्हणून फॉस्फरसचा खरा उपयोग हिरव्या हंगामात. हाडं चघळणारी दिसली तर मात्र हंगाम न बघता क्षार मिश्रण चालू करा आणि माळावरचे सांगाडे उचला, त्यातून बोटुलिझम (जंतूंच्या विषाने येणारा लकवा) होतो आणि त्यात जनावर वाचवणं अवघड. साधं मीठ मात्र बारा महिने.

शेपटी_उडवत
मोनेन्सिन (कोठीपोटातल्या जंतूंवर काम करणारं औषध) असलेला खुराक वासरांना चांगला म्हणतात?

डॉ_रवंथ
चांगला आहे, तेवढ्याच चाऱ्यातून थोडी जास्त वाढ मिळते आणि कोक्सिडिया (आतड्यातला परजीवी) आटोक्यात राहतो. पण माळावर घोडा, खेचर असेल तर तो खुराक त्यांच्या तोंडाला लागता कामा नये, थोडाही जीवघेणा ठरतो. स्वतः मोजून मिसळू नका, ओळखीच्या पशुवैद्याला विचारूनच.

माळावरचा_मी
मंडळी खूप मिळालं. मग असं करतो, कालवडी वेगळ्या काढून त्यांना अर्धा किलो साल काढलेल्या पेंडीच्या हिशोबाने एक दिवसाआड एक किलो, गोऱ्ह्यांना त्याच्या निम्मं. मीठ सगळ्यांना. शेण मी आजच बघून आलो, अगदी गवतबघ्यांनी सांगितलेले कडक थर. एकच राहिलं, गवत सरसकट हिरवं झालं की पेंड लगेच बंद करू का?

गवतबघ्या
पहिली हिरवी कोंबं दिसली की बंद करू नका. त्या दिवसांत गुरं वाळलेलं सोडून कोंबामागे पळतात, मैलभर चालतात आणि पोटात पडतं पाणीच जास्त, वजन त्याच पंधरवड्यात सगळ्यात जास्त घटतं. गवत टाचेच्या वर येऊन तोंडभर मिळायला लागलं आणि शेण पसरट झालं की मग आठवडाभरात कमी करत बंद करा.

गोठेकरीण
आणि खुराक चालू करण्याच्या आधी जंताचं औषध झालंय का बघा, राठ केस नुसत्या प्रोटीनमुळेच असतील असं नाही. कालवडींची वजनं आत्ताच छातीचा घेर मोजून लिहून ठेवा, महिन्याने परत मोजा, डोळ्याने बघून ठरवू नका.

माळावरचा_मी
जंताचं झालंय ताई. टेप उद्या आणतो, आकडे इथेच टाकेन.